मे महिन्याचं पितळी पान

१

बंडोपंत देवपुजारी आपल्याच बागेतल्या माशांच्या टाक्यात पालथे तरंगत होते आणि टाक्यातल्या मरळ माशांनी त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना तोंड लावलं होतं.

जेवणवेळ टळली तरी सासरे घरात आले नाहीत म्हणून विधवा सून प्रमोदिनी हाक मारायला बागेत गेली, ती तिथूनच किंचाळत माघारी पळाली. एकोणीसशे छप्पन सालच्या मे महिन्याची चोवीस तारीख होती. वैशाखी पौर्णिमा. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतली माणसं धावत आली, पण बागेच्या फाटकाशी थबकली. बंडोपंत जिवंत असताना त्या फाटकातून बिनबोलावता कोणी आत गेलं नव्हतं.

ती बाग रोमन होती. निदान बंडोपंतांचं तसं म्हणणं होतं. बारा वर्षांपूर्वी वकिली सोडल्यावर त्यांनी तीन एकर काळी जमीन आखून घेतली, मधोमध टाकं बांधलं, भोवती चुन्याचे पांढरे खांब उभे केले आणि दोन हजार वर्षांपूर्वी रोमचे सरदार आपल्या बागेत जी झाडं लावत ती एकेक लावायचा ध्यास घेतला. डाळिंब, अंजीर, कण्हेर रुजली. द्राक्षवेली दर उन्हाळ्यात करपल्या. लॉरेलची रोपं परदेशातून चार वेळा आली आणि चारही वेळा मेली. रोमनांचं बारीक पानांचं कुंपण इथं येईना, म्हणून त्याजागी मेंदी लावली. रोप मेलं की माळी नत्थू मार खाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार रूपरावांनी दत्तोपंत काळीकरांना चौकीवर बोलावून घेतलं. दत्तोपंतांनी तीस वर्षं भूगोल शिकवला होता. रूपराव त्यांचाच विद्यार्थी. शिपाई दारात उभा राहिला तेव्हापासून आपल्या हातून कोणता गुन्हा घडला असावा, याचाच विचार दत्तोपंत वाटभर करत होते.

"बसा, गुरुजी," रूपराव म्हणाले. "केशवचा जबाब हाय हा. एक गोष्ट मले समजून नाई राह्यली. मे महिन्याचं पान म्हंजे काय?"

केशव म्हणजे बंडोपंतांचा पुतण्या. नागपूरला कॉलेजात शिकवी, लॅटिन वाची. काकांच्या रोमन बागांवरच्या पुस्तकासाठी सात वर्षं राबत होता. तोही दत्तोपंतांचाच विद्यार्थी, आणि रूपरावसारखा नव्हे. त्याच्या भूगोलाच्या वह्या दत्तोपंतांनी अजून जपून ठेवल्या होत्या.

जबाबात लिहिलं होतं: 'मध्यान्हीला मी सावलीच्या घड्याळापाशी गेलो. घंटा वाजवायला नत्थू जागेवर नव्हता. खांबाची सावली पट्टीवरच्या मे महिन्याच्या पितळी पानाला बरोबर टेकली, तेव्हा मीच घंटा वाजवली. काका टाक्याच्या काठावर बसले होते, त्यांनी हात वर केला. फाटकाशी टांगा उभा होता, त्यात बसून मी स्टेशनावर गेलो.'

"रोममध्ये असा एक मोठा खांब होता," दत्तोपंत चाचरत म्हणाले. "खांबाच्या उत्तरेला दगडी पट्टी. मध्यान्हीला सावली पट्टीवर सरळ पडायची. उन्हाळ्यात आखूड, हिवाळ्यात लांब. कोणत्या महिन्यात कुठवर येते त्याच्या खुणा पितळेच्या. बंडोपंतांनी तसाच करवून घेतला असेल. मी पाहिलेला नाही, चूकभूल द्यावी."

"म्हंजे बारा वाजता म्हातारा जित्ता व्हता. टांगेवाल्यानंबी घंटा ऐकली, अन् केशव लगेच भायेर आला. नत्थू कुठीतरी लपून बसला व्हता. मंग त्यानं म्हाताऱ्याचं डोकं पाण्यात दाबलं अन् पळाला. सांजच्याला जामच्या फाट्यावर सापडला. गळ्यात बिल्ला व्हता ना."

तो बिल्ला सगळ्या गावाला ठाऊक होता. नत्थू एकदा पळून मुलीकडे गेला होता. त्याला धरून आणल्यावर बंडोपंतांनी त्याच्या गळ्यात लोखंडी तारेनं पितळी बिल्ला अडकवला आणि लोहाराकडून तारेची टोकं ठोकून घेतली. रोमन लोक पळपुट्या गुलामाला असाच बिल्ला घालत, असं ते पाहुण्यांना हौसेनं सांगत.

रूपरावांनी खणातून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. पितळेचा बिल्ला. वर कोरलं होतं: 'मी पळालो आहे. मला धरा. सिंदी मेघे येथे बंडोपंतांकडे परत पोचवा.'

"टाक्याच्या तळाशी सापडला," रूपराव म्हणाले. "अन् नत्थूचा तं अजून नत्थूच्याच गळ्यात हाय."

२

कोठडीत नत्थू भिंतीला टेकून बसला होता. एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला. दत्तोपंतांना पाहून तो उठायला गेला आणि पुन्हा बसला.

"या जी, मास्तर. बसाले काई नाई इथं."

दत्तोपंत जमिनीवरच बसले. म्हणाले, "पळालास कशाला रे?"

"मारलं ना जी. लॉरेलची रोपं जळाली. मालकानं डाळिंबाच्या छडीनं हानलं. मंग म्हने, मेलेल्या रोपायची कुंडी डोक्यावर घे अन् दिवस बुडेपर्यंत उन्हात उभा राह्य. पाय भाजले. कचेरीवर दहाचे टोले पडले अन् म्या कुंडी खाली ठेवली. नाक्यावर सरकीचा ट्रक भेटला. जामले उतरलो. माही पोरगी नलू समुद्रपूरले हाय, तिच्याकडं जाऊन राह्यलो व्हतो."

"बारा वर्षं मार खाल्लास. आधीच का नाही सोडलंस?"

नत्थूला या प्रश्नाचं नवल वाटलं. "झाडायले कोन पाह्यन? अन् मेंदीत माह्यं नाव हाय जी. मालकानंच लावाले सांगतलं. रोमातले मालक कुंपनात आपलं नाव कापून घेत म्हने, अन् बाजूले माळ्याचंबी. केशवबाबूनं चुन्यानं आखून देल्लं, म्या मेंदी लावली अन् कापली. दर पंधरा दिवसाले कापतो. मले वाचता नाई येत, पन हात फिरवला का समजते कोनतं पान भायेर आलं थे."

"आणि तो खांब?"

"थो दिवाळीत बसवला. त्याच्यापाईबी मार खाल्ला. सावली भलत्याच पानावर पडे. मालक म्हने, केशवच्या नकाशात चूक नाई, तूनंच दगड वाकडा बसवला." नत्थूनं फाटका ओठ चाटला. "खांबच वाईट जी, मास्तर. जामले उतरलो तं उभं राहाले सावली पाहून राह्यलो. तिथं पाटीचा मोठा खांब हाय. त्याले सावलीच नोती. कोन्याच बाजूले नोती. तवाच मले वाटलं, आता आपलं काई खरं नाई."

दारातून हसण्याचा आवाज आला. रूपराव उभे होते.

"ऐकलं, गुरुजी? खांबाले सावली नाई म्हंते. दोन थपडा जास्तीच पडल्या वाटते."

दत्तोपंतही कसनुसं हसले. त्या हसण्याची पुढं त्यांना फार लाज वाटली.

बाहेर आल्यावर रूपराव म्हणाले, "सोमवारी दोन वाजता कोर्टात उभा करतो. तवापर्यंत तो कबूल होते. आज नाई तं उद्या. मले घाई नाई, गुरुजी, पन हाताखालचे लोक तापट हायेत."

"आणि कबूल झाला तर?"

"तं फाशी. दुसरं काय?"

आतून नत्थूचा आवाज आला. "मास्तर, झाडायले पानी कोन घालून राह्यलं? तेवढं पाह्यजो."

३

झाडांना कोणीच पाणी घालत नव्हतं. शनिवारी सकाळी दत्तोपंत बागेत गेले तेव्हा गुलाब माना टाकून होते. टाकं उपसलं होतं, त्याच्या तळाशी मेलेले मरळ वाळत पडले होते.

प्रमोदिनी चुन्याच्या एका खांबाच्या सावलीत उभी होती. वय पस्तिशीचं असेल. पदर डोक्यावर, आवाज खाली.

"मला ही बाग एवढी जवळून पाहायची परवानगी नव्हती," ती म्हणाली. "अकरा वाजता ताक घेऊन यायचं आणि जायचं. गुरुवारी अकराला मी ताक दिलं तेव्हा मामंजी बरे होते. माशांना पीठ घालत होते."

"तेव्हा नत्थू कुठं होता?"

"दिसला नाही. नुसती कुंडी होती. मामंजी म्हणाले, पळाला असेल, बिल्ला बोलेल त्याचा."

म्हणजे अकरा वाजता बंडोपंत जिवंत. नत्थू खरं सांगत असेल, तर तेव्हा तो ट्रकमध्ये. पण बारा वाजता तो कुठं होता हे कोणी सांगावं? आणि ही बाई? सासरे गेले, जमीन आता हिची. तसा विचार मनात आल्याचं दत्तोपंतांनाच वाईट वाटलं, पण तो आला खरा.

त्यांनी दुसऱ्या बिल्ल्याबद्दल विचारलं.

"तो केशवभाऊंचा. त्याला तार नव्हती, रेशमी गोफ होता. केशवभाऊंना सागरला नवी नोकरी लागली, ते जाणार होते. बुधवारी निरोपाचं जेवण होतं. पाच पाहुणे होते. मामंजींनी सगळ्यांसमोर तो बिल्ला त्यांच्या गळ्यात घातला. म्हणाले, रोमन लोक वाचून दाखवायला शिकलेला गुलाम ठेवत, तसा हा माझा. पळून चालला आहे. सगळे हसले."

"आणि केशव?"

"तेही हसले. जेवण होईपर्यंत गळ्यात ठेवला त्यांनी."

ते सावलीच्या घड्याळाकडे गेले. बारा फुटांचा दगडी खांब. उत्तरेकडे सरळ गेलेली दगडी पट्टी, तिच्यात जडवलेली पितळी पानं. खांबापासून साडेचार फुटांवर मे महिन्याचं पान. सकाळची सावली पश्चिमेला लांब पसरली होती. पट्टीवर काही नव्हतं.

मेंदीचं कुंपण छातीएवढं उंच होतं. खालून पाहिलं तर नुसतेच हिरवे बांध दिसत.

"अक्षरं गच्चीवरून वाचता येतात," प्रमोदिनी म्हणाली. "वर जायचं का?"

परक्या घरात, त्यात घरी एकटी बाई. दत्तोपंतांना अवघडल्यासारखं झालं. "पुन्हा कधीतरी," ते म्हणाले आणि निघाले. प्रमोदिनीनं आग्रह केला नाही.

फाटकाबाहेर शेजारच्या आनंदाबाईंनी त्यांना गाठलं. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, हीच त्यांची तक्रार होती.

"पोलिसायनं मले इचारलंच नाई. मी सांगतो तुमाले, मास्तर, गुरुवारी सारंच उलटं झालं. कचेरीवर बाराचे टोले पडले का मी चुलीवर भात मांडतो. अन् नत्थूची घंटा वाजली का उतरवतो. कवाच चूक नाई. गुरुवारी टोले अन् घंटा संगच वाजले. माहा हात सवयीनं झाकणाकडं गेला, पाह्यतो तं आधण बी नाई आलं. म्हातारा मेला थो मेला, माह्या भाताचं बी वाटोळं."

"रोज टोल्यांनंतर किती वेळानं घंटा होते?"

"तेच तं सांगून राह्यलो. भात शिजेपर्यंत."

दत्तोपंत घरी आले. बाराचे टोले सगळीकडे एकाच वेळी पडतात. पण सूर्य वर्ध्याच्या डोक्यावर बारा वाजून बारा मिनिटांनी येतो, हे त्यांनी मुलांना कितीदा तरी फळ्यावर सोडवून दाखवलं होतं. नत्थू सावली पाहून घंटा वाजवी. मग गुरुवारी ज्यानं घंटा वाजवली, त्यानं सावली पाहिली की घड्याळ?

पण लगेच त्यांना वाटलं, आनंदाबाईंच्या भातावरून कोणाला फाशी द्यायची नसते, आणि सोडवायचंही नसतं. आपल्याला नेहमी असंच काहीतरी सुचतं.

४

रविवारी ते एस.टी.नं वीस मैलांवरच्या जामला गेले. फाट्यावर तीन दुकानं, एक कडुनिंब आणि चार गावांची नावं लिहिलेली पाटी. पाटीचा लोखंडी खांब दोन पुरुष उंच होता.

चहावाला भैयाजी कपबशा विसळत होता.

"आलता ना तो बिल्लेवाला," तो म्हणाला. "पोलिसायनं बी इचारलं, कवा आला. म्या म्हनलं, साहेब, माह्यापाशी घड्याळ कुठी हाय? दूध संपलं का दिवस संपला. मंग थे चिडले."

"काही आठवतं का? काहीही."

"मागं निंबाखाली झोपला. सांजेले जमादार आला, बिल्ला वाचला अन् नेला. गरीब व्हता बिचारा. पन येडा." भैयाजी हसला. "ट्रकातून उतरला अन् त्या पाटीच्या खांबाभोवती फिरून राह्यला. इकून पाह्य, तिकून पाह्य. म्या म्हनलं, काऊन बे, काय हरपलं? तं म्हंते, दादा, या खांबाची सावली कोठी गेली? आमी सारे पोट धरधरून हसलो. ड्रायव्हर म्हने, तूनंच चोरली असन. मंग त्यानंबी पाह्यलं, तं खरंच नोती. आमचं हसू थांबलं राजेहो. ड्रायव्हरनं कानाले हात लावला अन् गाडी काढली."

दत्तोपंतांच्या हातातली बशी कलली. चहा धोतरावर सांडला, तो गरम होता, तरी त्यांना कळलं नाही.

पाटीच्या खांबाकडे ते पाहत राहिले. तीस वर्षं ते शिकवत आले होते: कर्कवृत्ताच्या दक्षिणेच्या गावांवर सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो, त्या दिवशी मध्यान्हीला उभ्या काठीची सावली पडत नाही. वर्ध्यासाठी तो दिवस मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याच्या तोंडाशी. फळ्यावर आकृती, वहीत आकृती, परीक्षेत चार गुण. त्यासाठी एकदाही ते शाळेच्या पटांगणात काठी घेऊन उभे राहिले नव्हते. आणि नत्थूनं डोळ्यांनी पाहून सांगितलं तेव्हा हसले होते.

जामला खांब बिनसावलीचा होता तो काही मिनिटंच. त्याच मिनिटांत वर्ध्याच्या बागेतही बारा फुटांच्या खांबाला सावली नव्हती.

मग साडेचार फुटांवरच्या पितळी पानाला टेकली ती सावली कोणती?

दत्तोपंतांना उत्तर कळलं होतं. ते चुकीचं असावं म्हणून परतीच्या वाटेत एस.टी.त त्यांनी तेच गणित बोटांवर चारदा केलं. चारही वेळा केशवच आला.

५

सोमवारी बारा वाजायच्या सुमाराला चौघं खांबापाशी उभे होते. रूपराव, प्रमोदिनी, दत्तोपंत आणि नागपूरहून बोलावून आणलेला केशव. पांढरा सदरा, जाड भिंगाचा चष्मा, पुस्तक धरल्यासारखा कायम दुमडलेला हात.

"गुरुजी, दोन वाजता कोर्ट हाय," रूपराव घाम पुसत म्हणाले.

"जरा थांब. केशव, जबाबात सांगितलंस ते पुन्हा सांगशील का रे?"

"सावली मेच्या पानाला टेकली, मी घंटा वाजवली," केशव म्हणाला. "आकृती माझीच आहे, गुरुजी. पान चुकणार नाही."

"आकृती चुकलेली नाही. अगदी बरोबर आहे. फक्त ती रोमची आहे."

कचेरीवर बाराचे टोले पडले. दत्तोपंतांनी सगळ्यांना थांबायची खूण केली. ऊन डोक्यावर उतरत होतं. पश्चिमेची सावली आखडत खांबाच्या पायाशी आली आणि वळली. बारा मिनिटांनी ती उरली जेमतेम दोन बोटं. आणि पडली ती पट्टीच्या उलट्या अंगाला, दक्षिणेला.

पितळी पान उन्हात लखलखत होतं. त्याच्या आसपास कुठं सावलीचा ठिपकाही नव्हता.

"आज ही एवढी," दत्तोपंत म्हणाले. "गुरुवारी तीही नव्हती. रोममध्ये सूर्य कधी डोक्यावर येत नाही, मध्यान्हीची सावली बारा महिने उत्तरेलाच. इथं तसं नसतं. नत्थू त्या वेळी जामला अशाच एका खांबाभोवती फिरत होता. चार माणसं त्याला हसली. ते गणितानं बारा वाजून बारा मिनिटं होतात. तू सावली पाहिलीच नाहीस, केशव. मनगटावरचं घड्याळ पाहून टोल्यांबरोबर घंटा वाजवलीस, आणि पान नकाशातून सांगितलंस."

केशव खाली वाकला. ती दोन बोटं सावली त्यानं तळव्यानं झाकली, हात उचलला, पुन्हा झाकली.

"हे तुम्हीच शिकवलं होतं," तो म्हणाला. "सातवीत. मी दोन रंगांत आकृती काढली होती. तुम्ही वर्गाला दाखवली होती."

"हो. अजून आहे माझ्याकडे."

मग केशव धडा वाचून दाखवावा तशा आवाजात सांगू लागला.

"बिल्ला परत द्यायला गेलो होतो. काका काठावर बसून पीठ घालत होते. म्हणाले, घालूनच जा सागरला, तिथल्या पोरांना कळू दे कोणाचा आहेस. मी म्हटलं, पुस्तकावर माझं नाव? सात वर्षं मी लिहिलं. तर म्हणाले, पुस्तकावर धन्याचं नाव असतं. तुझं मेंदीत कापू, नत्थूच्या शेजारी. आणि माशांकडे वळले. मी मागून मान धरली. पिठासाठी मासे वर आलेच होते."

"अन् नत्थू?" रूपरावांनी विचारलं.

"तो पळाल्याचं काकांनीच हसत हसत सांगितलं." केशवनं चष्मा काढून पुसला. "त्याची बाजू घ्यायला कोणी येणार नाही, सापडला तर मारतील आणि तो कबूल होईल, हे मला माहीत होतं. त्याचा मी फार विचार केला नाही. त्या घरात त्याचा विचार कोणीच करत नसे."

रूपरावांनी त्याच्या दंडाला धरलं. जाता जाता केशव दत्तोपंतांच्या समोर थांबला.

"ती वही जाळून टाका, गुरुजी."

६

नत्थू सुटला. तार कापायला लोहार चौकीवर आणावा लागला. तारेखालची मान पांढरी पडली होती आणि तिच्यावर गोल वळ उमटला होता. तो थेट बागेत गेला आणि मोट जुंपली.

आठव्या दिवशी प्रमोदिनीनं पाणी बंद करवलं. जमिनीचे प्लॉट पडायचे होते, गिऱ्हाईक आलं होतं. दत्तोपंत नत्थूसाठी चार शब्द बोलायला गेले तेव्हा तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"बारा वर्षं मी या बागेकडे खिडकीतून पाहिलं," ती म्हणाली. "झाड न् झाड खणून काढा म्हटलंय त्याला. हे त्याच्याइतकं चांगलं दुसऱ्या कोणाला जमणार नाही. त्यानंतर त्यानं कुठंही जावं."

खणायला लागल्यापासून तिसऱ्या दिवशी नत्थू अंजिरापर्यंत पोचला होता. मेंदीला त्यानं अजून हात लावला नव्हता. दत्तोपंतांना पाहून तो कुदळ टाकून आला.

"मास्तर, एक काम व्हतं. बाईसाहेबायनं मेंदी न्याले हो म्हनलं. मालकाचं नाव राहू द्या, मले काय करायचं? माह्यं तेवढं घिऊन जातो. पन न्यायच्या अगुदर एकडाव वाचून दावा ना. म्या कवा कोनाच्या तोंडून ऐकलं नाई."

दत्तोपंत या वेळी गच्चीवर गेले. खाली पांढऱ्या खांबांच्या चौकोनात, उखडलेल्या मातीत, मेंदीची दोन हिरवी नावं उभी होती. एकेक अक्षर बैलगाडीएवढं, कडा सुरीनं कापल्यासारख्या. पहिलं नाव होतं 'बंडोपंत'.

दुसरं होतं 'गुलाम'.

दत्तोपंतांनी ते पुन्हा वाचलं. बंडोपंतांनी सांगितलं, केशवनं चुन्यानं आखलं. प्रमोदिनीनं खिडकीतून वाचलं असेल. पाहुणे गच्चीवर बसून हसले असतील. आणि दर पंधरा दिवसांनी नत्थूनं त्याच्या कडा सारख्या केल्या होत्या.

"काय लिवलं हाय जी?" खालून नत्थूनं विचारलं. कपाळावर हात धरून तो वर पाहत होता.

"नत्थू," दत्तोपंत म्हणाले. मग त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून मोठ्यानं म्हणाले, "नत्थू लिहिलंय."

नत्थू हसला. बिल्ल्याशिवाय त्याची मान फार बारीक दिसत होती.

"समुद्रपूरले नलूच्या दारापुढं लावतो," तो म्हणाला. "जसंच्या तसं. मेंदी मरत नाई जी. नलूची पोरगी सुधा दुसरीत गेली, दुकानाच्या पाट्या मोठमोठ्यानं वाचते. तिले म्हनीन, वाच वं, आज्याचं नाव."

दोन दिवस खणून त्यानं एकवीस झाडं मातीच्या गोळ्यासकट काढली आणि ओल्या पोत्यांत बांधली. क्रम चुकू नये म्हणून जुन्या धोतराच्या चिंध्या फाडल्या: पहिल्या झाडाला एक गाठ, दुसऱ्याला दोन गाठी. गाठी मारायचं काम त्यानं दत्तोपंतांवर सोपवलं. मास्तरांना मोजता येतं, आपला वीसपुढं गोंधळ होतो, असं तो म्हणाला.

दत्तोपंतांना यात देवच पावल्यासारखं वाटलं. नत्थू बैल आणायला गेला तेव्हा त्यांनी चिंध्या बांधल्या. तिसऱ्याच्या गाठी अठराव्याला, नवव्याच्या दुसऱ्याला. सगळा क्रम विस्कटून टाकला. समुद्रपूरला नलूच्या दारात मेंदीच्या एकवीस झाडांची एक वेडीवाकडी ओळ उगवेल आणि सुधाला त्यात काहीच वाचता येणार नाही. आयुष्यात मुद्दाम केलेली ही त्यांची पहिली चूक असावी.

नत्थूनं गाडी उभी केली आणि झाडं चढवायला घेतली. पहिलंच झाड उचलताना तो थांबला. त्यानं बुंध्यावरून हात फिरवला, मग कापलेल्या कडेवरून. चिंधीकडे पाहिलं. दुसरं झाड पाहिलं. तिसरं.

"मास्तर, तुमी चुकले जी," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला. म्हाताऱ्या माणसाला वाईट वाटू नये एवढ्या हलक्या. "हे इथलं नोहे. हे मधल्या अक्षराच्या पोटातलं हाय, याची ही बाजू म्या तिरपी कापतो. अन् हे शेवटचं, कोपऱ्यावरचं."

त्यानं एकेक चिंधी सोडली, गाठी उकलल्या, पुन्हा मारल्या. बोटांनी चाचपत, ओठांतल्या ओठांत मोजत. वीसपुढं त्याचा गोंधळ झाला नाही. सगळी एकवीस झाडं त्यानं गाडीत क्रमानं मांडली आणि वरून ओली पोती टाकली.

"तुमाले वाचता येते, मास्तर," गाडीवर चढताना तो हसून म्हणाला. "पन झाडं नाई वळखता येत. येजो मंग समुद्रपूरले, पोरीच्या तोंडून आयकाले."

दत्तोपंतांनी तोंड उघडलं. बैल चालू लागले होते. गाडी फाटकातून बाहेर पडली, आनंदाबाईंच्या दारावरून गेली आणि नाक्याकडे वळली. दत्तोपंतांचं तोंड अजून तसंच उघडं होतं.